घरातील विष आणि आपला विवेक



आपल्या बोलण्यात एक गंमत आहे आणि ती विचार करायला लावणारी आहे. उंदीर मारायचे असले की आपण दुकानात जाऊन 'उंदराचे औषध' मागतो. खाटेत ढेकूण झाले तर 'ढेकणाचे औषध' आणतो. कपाशीवर मावा-तुडतुडे दिसले की पंप पाठीला लावून 'औषध मारायला' निघतो. आणि त्याच गावात कोणी कर्जापायी किंवा घरच्या भांडणापायी जीव दिला, तर लोक दबक्या आवाजात सांगतात, "त्याने औषध घेतलं." डॉक्टरांनी दिलेली तापाची गोळी आणि माणसाचा प्राण घेणारी बाटली, ह्या दोहोंना आपल्याकडे एकच शब्द आहे.

जुन्या ग्रीक भाषेतही असेच होते. 'फार्माकॉन' ह्या शब्दाचा अर्थ औषधही होई आणि विषही. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने असे मत मांडले, की कोणताही पदार्थ मुळात विष किंवा अमृत नसतो, मात्रेवरून ते ठरते. हे खरे आहे, पण अपुरे आहे. मात्रा कोणाच्या अंगात जाते, बाटली विकत घेणाऱ्याच्या की ती हाताळणाऱ्याच्या, हा प्रश्न पॅरासेल्ससने विचारला नव्हता. आपल्याला तो विचारावा लागेल.

आजच्या पाठाचा विषय आपल्या घरातीलच आहे: न्हाणीघरातील ॲसिडची बाटली, पेटीतील डांबरगोळ्या, आरशापुढची गोरेपणाची क्रीम, पाळण्याचा रंग आणि ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला फवारणीचा डबा. ह्या विषयावर बोलणारे बहुतेक जण एक यादी देतात. हे वाईट म्हणून टाका, ते चांगले म्हणून आणा. याद्या मला फारशा उपयोगाच्या वाटत नाहीत. यादी भिंतीला चिकटते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत निघून जाते. त्यापेक्षा एक प्रश्न लक्षात राहिला तर तो जन्मभर पुरतो. सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटल शिकवताना सांगत, की कोणतीही वस्तू समजून घ्यायची तर चार प्रश्न विचारा: ती कशाची बनली, तिला कोणता आकार आहे, ती कोणी केली आणि ती कशासाठी आहे. चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण बाकीचे तिन्ही त्याच्यावर अवलंबून असतात. तेव्हा बाटली हातात घेऊन आपणही विचारू: हे कशासाठी?

न्हाणीघरापासून सुरुवात करू. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीवर, नळावर, संडासाच्या भांड्यावर पांढरा-पिवळट थर चढतो. तो घालवायला आपण ॲसिड आणतो. हे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. बाटली उघडताच नाकाला झोंबणारी वाफ येते, ओतणारी बाई तोंडाला पदर लावून श्वास कोंडून उभी राहते, थेंब उडाला तर कातडी भाजते आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

आता प्रश्न विचारा. हे कशासाठी? "मळ काढायला," असे उत्तर येते, पण ते बरोबर नाही. तो थर मुख्यतः मळाचा नसतोच, तो चुन्याचा असतो. पाण्यातील क्षार सुकून तयार झालेले कॅल्शियम कार्बोनेट. चुना कोणत्याही आम्लात विरघळतो, त्यासाठी आम्ल जहाल असावे लागत नाही. किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, हेच काम करते. एक लिटर कोमट पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे, विरघळवावे, रात्री भांड्यात ओतावे आणि सकाळी ब्रशने घासावे. नळाच्या तोटीला त्याच पाण्यात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवावे. किलोचा भाव ऐकून दचकू नका, एका वेळी लागते ते पन्नास ग्रॅम.

ह्यात फसवणूक नको म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो. वर्षानुवर्षे साचलेला जाड थर एका रात्रीत जाणार नाही, तीन-चार वेळा करावे लागेल. शहाबादी फरशी आणि संगमरवर हे स्वतःच चुनखडीचे दगड आहेत. त्यांच्यावर ॲसिडही नको आणि लिंबूफूलही नको, दोन्ही दगडच खातील. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे कोणतेही आम्ल, अगदी लिंबूफूलसुद्धा, ब्लिचिंग पावडरीत कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. चार बाय चारच्या बंद न्हाणीघरात एक बाई "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं" म्हणून दोन्ही ओतते, तेव्हा तिला हे कोणी सांगितलेले नसते. तिची चूक नाही. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, तेही बऱ्याचदा इंग्रजीत.

ॲसिडची आणखी एक बाजू आहे. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे, नोंदवहीत त्याचे नाव, पत्ता व कारण लिहावे, अठरा वर्षांखालील कोणाला विकू नये, असे आदेश दिले. ज्या मुलींच्या चेहऱ्यांवर ॲसिड फेकले गेले, त्यांच्यातील एकीच्या याचिकेवरून हा आदेश झाला. स्वच्छतेच्या नावाखाली घराघरांत असलेली वस्तू शस्त्र होऊ शकते, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही संडास धुण्यासाठी म्हणून ती किती सहज मिळते, हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक असेल.

पेटीतील डांबरगोळ्यांकडे वळू. ह्या गोळ्या बहुधा नॅप्थॅलीनच्या असतात. हवेत हळूहळू उडून जाणारा हा पदार्थ, म्हणून तर वास येतो आणि गोळी झिजत जाते. मोठ्या माणसाला त्याने डोके दुखते, मळमळते. पण घरात नवे बाळ येते तेव्हा काय होते? आजी पेटी उघडते आणि मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांची दुपटी काढते. वर्षभर डांबरगोळ्यांत राहिलेली ती दुपटी बाळाला गुंडाळतात. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच जी-सहा-पीडी नावाचे एक विकर कमी असते. अशा बाळाच्या अंगात नॅप्थॅलीनची वाफ गेली, तर तांबड्या पेशी फुटू लागतात आणि जबर कावीळ होते. पश्चिम व मध्य भारतातील काही समाजांत, त्यांत काही आदिवासी समाजही आले, ही उणीव अधिक प्रमाणात आढळते. आपल्या धर्मग्रामातील वाड्या-पाड्यांवरील आयांनी म्हणून हे विशेष लक्षात ठेवावे. युरोपीय संघाने नॅप्थॅलीनच्या गोळ्या २००८ मध्येच बंद केल्या.

पुन्हा तोच प्रश्न. डांबरगोळी कशासाठी? कपड्यांना कसर लागू नये म्हणून. पण कपडे खाणाऱ्या पतंगाची अळी जगते ती लोकरीवर आणि रेशमावर, सुती कापड ती सहसा खात नाही. सुती कापडाला त्रास होतो तो खळीवर येणाऱ्या चंदेरी किड्याचा. म्हणजे दुपटी खळ न घालता स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून, कोरड्या पेटीत ठेवली, तर तिथे गोळीचे कामच उरत नाही. लोकरीच्या कपड्यांना वर्षातून दोन-तीनदा ऊन दाखवावे, झटकावे, घड्यांत वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा पुरचुंडीत वेखंड ठेवावे. खानदेशात आणखी काहीही कमी पडले तरी ऊन कमी पडत नाही.

इथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर "आमच्या आजीचे सगळे बरोबर होते" असा अर्थ कोणी काढेल. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. धोत्रा नैसर्गिक आहे, कण्हेरीची बी नैसर्गिक आहे. ज्या कडुनिंबाची मी आज स्तुती करणार आहे, त्याच्या बियांचे तेल तान्ह्या बाळाला चाटवल्याने झटके येऊन मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. डोळ्यांत घालायच्या काही पारंपरिक सुरम्यांत शिसे असते. जुने म्हणून पवित्र नाही आणि कारखान्यातले म्हणून अपवित्र नाही. रसायन ही शिवी नव्हे. लिंबूफूलही रसायनच आहे.

गोरेपणाच्या क्रीमची हकिगत मात्र वेगळी आहे. २०२३ च्या सुरुवातीला वृत्तपत्रांत अकोल्याची एक बातमी आली होती. अकोला म्हणजे आपल्या भुसावळ मार्गावरचेच गाव, परके नव्हे. एका महाविद्यालयीन मुलीने एका स्थानिक ब्युटिशियनकडून क्रीम घेतली. चेहरा उजळला म्हणून आई आणि बहीणही लावू लागल्या. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाल्याचे दिसले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा दोष क्रीमपर्यंत पोहोचला. तिच्यात पारा होता. केरळमध्येही त्याच सुमारास डॉक्टरांनी अशा क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचा एक आजार वाढलेला नोंदवला.

पारा कातडीतील रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा खरोखर उजळतो. इथेच तर धोका आहे. वस्तू खोटी असती तर लोकांनी फेकून दिली असती. ती खरी निघते, म्हणून ती शेजारणीला सांगितली जाते. पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. त्याची वाफ उशीवर, टॉवेलवर, आईच्या गालाला गाल लावणाऱ्या मुलापर्यंत पोहोचते. जपानमधील मिनामाता ह्या गावी एका कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे हजारो लोक अपंग झाले. तो आजार १९५६ मध्ये उघडकीस आला. त्या गावाच्या नावाने झालेला पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत मिसळलेला पारासुद्धा दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. डबीवर कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, किंवा यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असे काही असेल, तर ती डबी घरात आणू नका.

पण मला सांगायचे आहे ते ह्याच्या पुढचे. लोक विचारतात, "फादर, मग दुसरी कोणती क्रीम चांगली?" ॲसिडऐवजी लिंबूफूल मी सांगितले, कारण चुन्याचा थर ही खरी अडचण आहे. सावळा रंग ही अडचणच नव्हे. जिथे 'हे कशासाठी' ह्या प्रश्नाला खरे उत्तरच नाही, तिथे सुरक्षित पर्याय शोधायला निघणे म्हणजे खोट्या गरजेला नवे गिऱ्हाईक मिळवून देणे. मुलीच्या लग्नासाठी स्थळ पाहायला येणारे रंग विचारतात, हे मला माहीत आहे. ती विचारणा बंद व्हायला हवी आणि ती क्रीमने बंद होत नाही.

रंगाचे एका परिच्छेदात उरकतो. पिवळ्या, लाल, केशरी तैलरंगांत शिशाचे क्षार वापरण्याची जुनी पद्धत होती, कारण रंग झळाळतो आणि टिकतो. मूल पाळण्याचा कठडा चावते, दाराचे पोपडे तोंडात घालते, आणि शिसे त्याच्या वाढत्या मेंदूला कायमची इजा करते. भारत सरकारचे ह्याविषयीचे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. घरगुती रंगात दशलक्षात ९० भागांहून अधिक शिसे असू नये. डब्यावर ते लिहिलेले असते, ते वाचून घ्या. जुने पोपडे कोरडे खरवडू नका, ओले करून काढा आणि त्या दिवशी मुलांना शेजारी पाठवा.

आता एका माणसाची गोष्ट सांगतो, कारण पर्याय शोधणाऱ्याने ती विसरू नये. अमेरिकेत थॉमस मिजली नावाचा एक हुशार अभियंता होता. मोटारीची इंजिने खडखडत असत. १९२१ मध्ये त्याने शोधून काढले, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग थोडेसे घातले की खडखड थांबते. १९२४ मध्ये ते बनवणाऱ्या एका कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले, तरी ते पेट्रोल जगभर पसरले. पुढे त्याच्याकडे दुसरे काम आले. त्या काळच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले वायू असत, ते गळले की घरातील माणसे मरत. मिजलीने त्यांना सुरक्षित पर्याय काढला: न जळणारा, न बाधणारा वायू. १९३० मध्ये त्याने सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हाच तो सीएफसी वायू. तो आकाशात वर जाऊन ओझोनचा थर खातो, हे मोलिना व रोलँड ह्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवले आणि १९८७ मध्ये माँट्रियल येथे तो बंद करण्याचा करार झाला. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, अल्जीरियात तर २०२१ मध्ये.

मिजली दुष्ट नव्हता. त्याचा दुसरा शोध तर माणसे वाचवण्यासाठीच होता. त्याने समोरची अडचण पाहिली, तिच्या पलीकडची जोडलेली साखळी पाहिली नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले, त्याच्या विसाव्या परिच्छेदात कीटकनाशके व तणनाशके ह्यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि नेमका हाच विचार आहे: धंद्याशी बांधलेले तंत्रज्ञान गोष्टींमधले नाते पाहू शकत नाही, म्हणून एक प्रश्न सोडवताना ते कधीकधी दुसरे उभे करते. म्हणून पर्याय शोधूच नये का? शोधावा. फ्रीजचा पर्यायही पुढे सापडलाच. आज घरातल्या नव्या फ्रीजच्या मागे 'आर-६००ए' असे लिहिलेले बहुधा दिसेल. तो आयसोब्युटेन वायू ओझोनला धक्का लावत नाही. पर्यायाचीही परीक्षा घ्यावी, एवढाच मुद्दा.

हे सगळे मी ज्यासाठी सांगत आलो तो विषय आता. आपल्या तालुक्यात कपाशी आहे, आणि कपाशी आहे तिथे फवारणी आहे. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर ह्या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, शेकडो जण रुग्णालयात गेले, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा वरून अंगावर येत होता. उकाडा होता, अंगात साधा सदरा होता, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली होती. मेलेल्यांत बरेच जण दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर फवारणारे होते. न्हाणीघरात ॲसिड आणणारा एक आणि ओतणारी दुसरी असते, तसेच इथे बाटली निवडणारा एक आणि ती पाठीवर वाहणारा दुसरा. न्यायाचा प्रश्न इथे आहे. ज्याच्या अंगावर विष पडणार, त्याला निवडीत आवाज नसतो.

त्या काळात वापरात असलेल्या औषधांपैकी मोनोक्रोटोफॉस हे एक. जागतिक आरोग्य संघटनेने ते अतिशय घातक गटात धरले आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारमधील एका शाळेत त्याच्या रिकाम्या डब्यातील तेलात शिजवलेले माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मेली. भारतात भाजीपाल्यावर त्याला २००५ मध्ये बंदी आली, आणि त्याच्या नेहमीच्या ३६ टक्क्यांच्या द्रावणावर २०२३ च्या आदेशाने. श्रीलंकेने ते आणि त्या गटातील इतर जहाल औषधे १९९५ च्या सुमारास बंद केली होती. पुढील दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, आणि पिकांच्या उत्पन्नात त्यामुळे घट झाल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. दुःख श्रीलंकेतही कमी झाले नसेल. पण रागाच्या, निराशेच्या त्या अर्ध्या तासात हाताशी जहाल बाटली नव्हती, आणि तो अर्धा तास गेला की माणूस बहुधा जगतो. "औषध घेतलं" हे वाक्य आपल्याकडे ज्यांनी आपल्या घरात ऐकले आहे, त्यांना ह्या आकड्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

मग कपाशीचे काय? प्रश्न पुन्हा तोच. फवारणी कशासाठी? किडी मारण्यासाठी, असे आपण म्हणतो. खरे तर ती कपाशी वाचवण्यासाठी आहे. दोन्ही एकच वाटतात, पण नाहीत. निंबोळी अर्क फवारला तर किडी पटापट मरून पडलेल्या दिसत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी "काही उपयोग नाही" असे लोक म्हणतात. निंबोळीतील द्रव्यामुळे किडीची खाण्याची वासना जाते, अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते, पुढची पिढी खुंटते. पाच टक्के अर्कासाठी पाच किलो निंबोळीचा भरडा दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून पिळून गाळावा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घालावा आणि सगळे मिळून शंभर लिटर करावे. फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हात ते द्रव्य लवकर नासते. अर्क त्याच दिवशी संपवावा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी अजून थोडी आहे तोवरच त्याचा उपयोग. शेत किडीने भरल्यावर तो पुरणार नाही, आणि तशी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही.

गुलाबी बोंडअळीचे तर आणखी वेगळे आहे. ती बोंडाच्या आत असते, तिथे फवारा पोहोचतच नाही. शेतात एकरी दोन कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली, एरवी फवारू नये. ह्या मोजणीनेच कित्येक फवारण्या वाचतात. आणि सगळ्यांत मोठा उपाय बाटलीतला नाहीच: डिसेंबर-जानेवारीत कपाशी काढून टाकावी, फरदड घेऊ नये, पऱ्हाटीचे ढीग बांधावर व घरामागे उन्हाळाभर ठेवू नयेत, कारण अळी त्यांतच दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. पण शेजाऱ्याने फरदड ठेवली तर तुमचा संयम वाया जातो. पतंगाला बांध कळत नाही. म्हणून हे एका शेतकऱ्याने करायचे काम नव्हे, शिवाराने करायचे आहे. फरदडीतून मिळणारे दोन-चार हजार ज्याला सोडवत नाहीत, त्याला लोभी म्हणण्याआधी त्याचे देणे किती आहे ते विचारावे. त्याचा तोटा गावाने कसा वाटून घ्यायचा, हा ग्रामसभेत मांडण्यासारखा विषय आहे.

संत थॉमस अक्वायनस विवेकाची तीन कामे सांगतात: विचारविनिमय करणे, निर्णय करणे आणि निर्णय अमलात आणणे. त्यांच्या मते तिसरे काम मुख्य. ज्याला सगळे कळते, पण हात हलत नाही, त्याला ते विवेकी म्हणत नाहीत. त्यामुळे हे पान वाचून घरी गेल्यावर जे लगेच करता येईल ते सांगतो. फवारणीचे डबे ओसरीतून काढून कुलपात ठेवा आणि किल्ली एकाच माणसाकडे राहू द्या. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल त्रिकोणाचे औषध मजुराच्या हाती देऊ नका, स्वतःही घेऊ नका. रिकाम्या डब्यात तेल, पाणी, धान्य काही ठेवू नका, तळाला भोक पाडा. फवारताना चक्कर आली, घाम सुटला, तोंडाला फेस आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि डबा बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा. कोणते औषध होते हे कळले तर डॉक्टरांना उतारा लवकर देता येतो. घरी ताक-लिंबू पाजत वेळ घालवू नका.

निंबोळ्या मे अखेरीपासून जुलैपर्यंत पडतात, आणि लागतात ऑगस्टमध्ये. तेव्हा शोधायला निघाल तर मिळणार नाहीत. पिवळ्या झालेल्या निंबोळ्या रोजच्या रोज वेचाव्यात, गर काढून बिया धुवाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि गोणपाटाच्या पोत्यात ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. आपल्या चर्चच्या आवारातील कडुनिंबांखाली दर वर्षी त्यांचा सडा पडतो आणि केरात जातो. यंदा तो झाडून टाकू नये असे सांगून ठेवले आहे. ज्यांना हव्यात त्यांनी रविवारी मिस्सानंतर पोते घेऊन यावे. वेचायला धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले मदतीला असतील.

आपला,
फादर